जे जास्त असेल ते

दीड मीटरवर फुटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, कड दिसली आणि मी जेसीबीवाल्याला हात करून थांबवलं. त्या कडेखाली काँक्रीट आहे की नुसती माती, एवढ्यावर सगळा वाद अडला होता.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल कारखान्याचं शेड. स्ट्रक्चरल डिझाइन माझं. गेल्या मे महिन्यातली गोष्ट, सकाळचे साडेनऊच वाजले होते तरी पत्र्याच्या भिंतीजवळ उभं राहवत नव्हतं. खड्ड्याभोवती लवाद म्हणून नेमलेले निवृत्त अभियंता, दोन्ही बाजूंचे वकील, मालकांचे मॅनेजर आणि ठेकेदार अण्णा. अण्णांचे वडील मागावर होते. अण्णा गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलत वर आले. त्या दिवशी कुणाशीच ते बोलत नव्हते.

काम एकरकमी ठेक्याचं होतं. सुरुवातीला चाचणी खड्डे दोनच घेतले, दोन्ही पुढच्या बाजूला, आणि दोन्हीकडे दीड मीटरवर कडक मुरूम लागला. मागच्या रांगेतल्या नऊ खड्ड्यांत मात्र मुरूम येईचना, काळी मातीच खाली खाली जात राहिली. आपल्याकडची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर फुटिंग टेकवलं तर दरवर्षी पाया हलणार, दोन-चार वर्षांत भिंती तडकणार. अण्णांनी मोबाइलवर फोटो पाठवला तेव्हा मी होटगी रोडच्या एका स्लॅबवर उभा होतो. उत्तर टाकलं, ‘खाली जा. मुरमापासून पीसीसी भरून घ्या.’ पीसीसी म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट. मालकांना पत्र नाही, सुधारित ड्रॉइंग नाही. अण्णांनी नऊही खड्डे तीन मीटरच्या आसपास नेले, तळापासून पीसीसी भरत वर आणली आणि तिच्यावर ड्रॉइंगप्रमाणे फुटिंग घेतलं. जादा पीसीसी भरली साधारण 50 घनमीटर.

फायनल बिलात मालकांनी तो आयटम कापला. करारात लिहिलंय, लेखी आदेशाशिवाय जादा काम नाही. वर म्हणणं असं की एवढी खोली गेलेलीच नाही, फोटो दुसऱ्या साइटचे आहेत. उशिराचा दंड म्हणून रिटेन्शनही, म्हणजे बिलांतून राखून ठेवलेली रक्कमही, अडवून ठेवलं. पायाचं काम मातीखाली गेलं की मोजमाप पुन्हा घेता येत नाही, आणि मोजमापाच्या वहीवर मालकांच्या माणसाची सही नव्हती. म्हणून अण्णांच्या वकिलांनी जागेची पाहणी मागितली. लवाद कायद्याच्या कलम 20 मध्ये तशी सोय आहे.

मी आधीच सांगितलं होतं, एकच फुटिंग उघडायचं, तेही एकाच बाजूने. खालचा भाग माणसांनी, कडा उतरत्या ठेवून. दोन मजूर पहार-फावडं घेऊन उतरले. कडेखाली माती खरवडली तशी करड्या पीसीसीची उभी बाजू दिसायला लागली. खडबडीत होती, मधे थरांच्या रेघा. तळाशी पहार ठण्णकन वाजली. लवादसाहेब चप्पल काढून स्वतः खाली उतरले, टेपचं टोक मुरमावर दाबून धरलं आणि म्हणाले, “2.95. नोंदवा.” मॅनेजर वहीत बघत राहिले. अण्णांनी टोपी काढून तोंड पुसलं.

मला वाटलं, संपलं.

दुपारी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये माझी उलटतपासणी होती. मालकांच्या वकिलांनी पहिली हरकत माझ्या मेसेजवर घेतली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं कलम 63 खालचं प्रमाणपत्र कुठाय? लवादांनी ती मान्य केली नाही. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या पहिल्याच कलमात लवादापुढचं कामकाज वगळलेलं आहे. मग वकिलांनी माझंच ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवलं.

“टीप क्रमांक 4 वाचा.”

मी वाचली. “फाउंडेशनची खोली 1.5 मी. किंवा कडक मुरूम लागेपर्यंत, जे जास्त असेल ते.”

“म्हणजे मुरूम तीन मीटरवर असो की पाच, ठेक्याच्या रकमेतच. हे अण्णांना सही करताना माहीत होतं. बरोबर?”

ती ओळ मी वीस वर्षं प्रत्येक ड्रॉइंगवर टाकत आलोय. सीनियरच्या ऑफिसात शिकलो तेव्हापासून. उद्या कुणी ‘इंजिनिअरने दीडच मीटर सांगितलं होतं’ म्हणू नये, म्हणून. माझी काळजी घेणारी ओळ. जमिनीखाली जे निघेल त्याचा खर्च त्या ओळीने अण्णांच्या डोक्यावर टाकला होता, आणि हे मला तिथे खुर्चीवर बसून कळत होतं.

मी म्हणालो, “टीप खोलीबद्दल आहे, पैशाबद्दल नाही. निविदेसोबतचं क्वांटिटी शीट मीच काढलं होतं. ते 1.5 मीटरवर आहे. त्याच्यावरून अण्णांनी दर भरला, आणि मालकांनाही ते दिलं होतं.”

“मग खोली वाढली तेव्हा मालकांना कळवलं का नाही?”

आदल्या रात्री एका मित्राने बजावलं होतं, यावर गुळमुळीत बोल, नाहीतर मालक तुझ्यावरच दावा लावतील. भीती होती, खोटं कशाला सांगू. “कळवायला हवं होतं,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.” लवादांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

अण्णांच्या वकिलांचा युक्तिवाद करार कायद्याच्या कलम 70 वर होता. काम फुकट करण्याचा हेतू नसताना केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. शेड त्याच पीसीसीवर उभं आहे. तीन महिन्यांनी निवाडा आला. खोदाई आणि पीसीसीचे पैसे मंजूर, रिटेन्शन परत, दंड मात्र थोडा कायम. मालकांनी लवाद कायद्याच्या कलम 34 खाली निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान दिलंय; अण्णांच्या हातात अजून रुपया आलेला नाही.

उलटतपासणीच्या दिवशी संध्याकाळी मी परत साइटवर गेलो. खड्डा उघडा राहिला तर पाणी थेट पायाशी जाईल, ही धास्ती होती. अण्णा आधीच पोचले होते. स्वतःच्या पैशाने मुरूम आणून वीतभर थर टाकत होते, पाणी मारून धुम्मस चालू होतं.

“साहेब, वर फरशी फोडलीय ती पुन्हा करू ना? उतार बाहेर देतो.”

“करा,” म्हणालो, आणि तिथेच उभं राहून मालकांना ईमेल लिहिला. कुठल्या कॉलमजवळ, किती चौरस मीटर, खर्च कुणाचा. प्रत अण्णांना.