पापणी उचलली तेव्हा

ऑगस्ट महिना, रत्नागिरीत पावसाने झोडपून काढलेलं. सकाळी अॅम्ब्युलन्समधून चौदा वर्षांचा मुलगा आला. रात्री जेवून खाली जमिनीवर झोपला होता. तीनच्या सुमारास पोटात कळा, उलटी, मग पापण्या उघडेनात, थुंकी गिळवेना. वाटेत श्वास मंदावला म्हणून एका दवाखान्यात नळी टाकून त्याला पुढे पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मेंदू बहुधा गेलेला.' वडिलांच्याही ते कानावर घातलं होतं. ते दाराशी भिंतीला टेकून उभे होते.

मी तपासलं. बाहुल्या मोठ्या, टॉर्चला हलेनात. डोकं वळवलं तरी डोळे जागचे हलले नाहीत. हातोडीला गुडघा उसळला नाही.

एमबीबीएस, एमडी, मग न्यूरॉलॉजीचं डीएम अशी साडेअकरा वर्षं गेली. डीएमच्या तीन वर्षांत एक प्रश्न अंगात मुरतो: बिघाड नेमका कुठे? मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत, की नस स्नायूला मिळते त्या जागी? आपण बघतो ती प्रत्येक हालचाल स्नायूच करतो, बाहुली आकसते तीसुद्धा. स्नायूपर्यंत हुकूमच पोचला नाही, तर जागा माणूसही मेल्यासारखा दिसतो.

पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी. मला मण्यार या विषारी सापाचा संशय आला. दंशाची खूण मिळाली नाही, पण तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा मिळतच नाही.

मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा ईईजी लावला. डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाच्या आसपास लहरी, जागेपणी डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या असतात तशा. मी बोटांनी त्याच्या पापण्या उचलल्या. लहरी विरल्या. पापण्या सोडल्या, परत आल्या. तीनदा करून पाहिलं.

"सिस्टर, हा जागा आहे. सगळं ऐकतोय."

वडिलांना आत बोलावलं, त्याच्याशी बोला म्हटलं. त्यांना शब्द सुचेना, नुसतं नाव घेत राहिले.

प्रतिसर्पविष दिलं. पण मण्यारीचं विष नसांची टोकंच निकामी करतं. एकदा ती गेली की औषधाने परत येत नाहीत, नव्याने सावरेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास पुरवत राहायचा. म्हणजे सगळी भिस्त नर्सिंगवर. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, दर दोन तासांनी कूस बदलणं. सक्शनच्या आधी सिस्टर दर वेळी सांगायच्या, "बाळा, नळी साफ करते हं, त्रास होईल थोडा."

पाचव्या दिवशी भुवई हलली. नवव्या दिवशी नळी काढली. सिस्टरनी विचारलं, पाणी देऊ का? त्याने त्यांच्याकडे पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "परत बोला ना."