तीनशे तेहतीस गुणिले नऊ

मागच्या आठवड्यात जुना डेस्कटॉप सुरू केला आणि पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००७. मदरबोर्डवरची बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती. ती बदलायला दोन मिनिटं लागली, पण बायोसमधल्या (संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या होत्या. प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडून पाहिलं, तर प्रोसेसर १.८ गिगाहर्ट्झवर. इतकी वर्षं मी त्याला ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं, ३ गिगाहर्ट्झवर चालवत होते. कपाटातून वही काढली, कारण सगळे आकडे तिच्यातच होते.

प्रोसेसर म्हणजे पेंटियम ड्युअल-कोर ई२१६०. जून २००७ मध्ये आलेला, ६५ नॅनोमीटरचा, दोन कोर आणि दोघांत मिळून एक मेगाबाइट एल२ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी). इंटेलच्या त्या वेळच्या यादीत तळाच्या जवळ बसणारा. त्याचा वेग ठरतो एका साध्या गुणाकारानं: एफएसबीचे (प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या बसचे) २०० मेगाहर्ट्झ गुणिले ९. नऊच्या वर मल्टिप्लायर, म्हणजे हा गुणक, जात नाही, तिथे कुलूप आहे. मग हात घालायला उरते ती एफएसबी. दोनशेचे तीनशे तेहतीस केले की होतात ३ गिगाहर्ट्झ.

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये कोअर २ ड्युओ ई६८५० आला. तोही ६५ नॅनोमीटरचा, त्याच घराण्यातला, आणि त्याचा ठरलेला वेगच मुळी ३३३ गुणिले ९. म्हणजे कारखान्यातून महागड्या भावाला जो वेग लिहून मिळत होता, तोच मी धाकट्याकडून मागत होते. फरक कॅशचा: थोरल्याकडे चार मेगाबाइट, याच्याकडे एक. तो फरक कितीही वेग वाढवला तरी भरून निघत नाही. व्हिडिओ रूपांतरात मला वेगाचा जवळजवळ पूर्ण फायदा मिळाला. गेममध्ये मात्र प्रोसेसर सारखा रॅमच्या दारात थांबतोय हे जाणवायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा पी३५ चिपसेटचा बोर्ड होता (अजूनही तोच आहे). आधी ग्राफिक्स वगैरे कार्डांच्या बस, पीसीआय एक्सप्रेस १०० मेगाहर्ट्झवर आणि पीसीआय ३३ वर, बांधून टाकल्या, नाहीतर एफएसबीच्या मागे त्याही ओढल्या जाण्याची भीती. रॅम एकास एक ठेवली, म्हणजे एफएसबीच्याच घड्याळावर. ३३३ ला ती डीडीआर२-६६७ म्हणून चालते आणि माझ्या ८०० च्या काड्यांना ते आरामात झेपतं. मग दहा-दहा मेगाहर्ट्झ वाढवत गेले. २६६ पर्यंत व्होल्टेजला हातही लावावा लागला नाही. ३३३ ला विंडोज सुरू व्हायचं, पण प्राइम९५ (प्रोसेसरला जड गणितं देऊन चुका पकडणारी चाचणी) दहा मिनिटांत एक कोर सोडून द्यायचं. माझ्या चिपचं मूळ व्होल्टेज १.२५. ते १.३० केलं, आणि रात्रभर चाचणी चालली. तापमान ६८ अंश.

इथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. ३५६ गुणिले ९, म्हणजे ३.२ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज १.४५. प्राइम९५ एक तास चाललं आणि मी समाधान मानलं.

त्याच महिन्यात आजीच्या आवाजाच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेत होते. अकरा बाजू झाल्या. प्रत्येकीची ध्वनिफाइल ७-झिप या प्रोग्रामनं दाबून (आकारानं लहान करून) संग्रहात ठेवली आणि जागा हवी म्हणून मूळ फाइली पुसल्या. संगणक एकदाही अडला नाही, निळा पडदा नाही, काही नाही. दोन महिन्यांनी उघडायला गेले तेव्हा दोन संग्रहांत सीआरसीची (फाइल बिघडली का ते सांगणाऱ्या पडताळणी आकड्याची) चूक. आधी डिस्कवर संशय घेतला, मग मेमटेस्टनं रात्रभर रॅम तपासली. दोन्ही स्वच्छ. मग पुन्हा प्राइम९५ लावलं, आणि तीन तास पन्नास मिनिटांनी दुसरा कोर थांबला. राउंडिंगची (आकडे पूर्णांकात आणतानाची) त्रुटी हवी ०.४ च्या आत, ती निघाली ०.५. माझ्या पोटात गोळा आला. हाच हिशोब फाइल दाबतानाही असाच चुकला असणार, फक्त तिथे त्याला पकडणारं कुणी नव्हतं.

एक कॅसेट पुन्हा उतरवता आली. दुसरीची फीत वाजवताना यंत्रात गुंडाळली जाऊन तुटली. सतरा मिनिटं गेली.

म्हणून कुणी मला विचारलं की "माझा ३.४ ला बूट होतो, चांगलं ना?", तर मी आधी विचारते, किती तास तपासलास? बंद पडणारा संगणक निदान सांगतो तरी. चालत राहून चुकीचं उत्तर देणारा सांगत नाही. आणि मिळत काय होतं? वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात लागते. १.३० वरून १.४५ वर गेलं की नुसत्या व्होल्टेजचे २४ टक्के वाढतात, त्यात वेग धरला तर ३३ टक्के. एवढी जास्त उष्णता कशासाठी, तर पावणेसात टक्के वेगासाठी. १.८ वरून ३ वर येताना हिशोब वेगळा होता: ऐंशी टक्के वीज, सदुसष्ट टक्के वेग. तो सौदा मला आजही पटतो.

अशा चिप मोजक्याच झाल्या. १९९८ चा सेलेरॉन ३००ए, ६६ ची बस १०० केली की ३०० चा ४५० होणारा, या सगळ्यांचा पूर्वज. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलनं मूळ घड्याळच बाकी सगळ्या बसना बांधलं आणि स्वस्त चिपचा हा रस्ता जवळपास बंद झाला. मध्ये २०१४ ला पेंटियम जी३२५८ आला, दोन कोरचा आणि मल्टिप्लायर मोकळा. मला तो फार आवडला होता, पण तोवर काही गेम दोन धाग्यांवर (एका वेळी दोनच कामं करणाऱ्या प्रोसेसरवर) सुरूच व्हायला नकार देऊ लागले होते. तिथे वेग वाढवून काही उपयोग नव्हता.

तर वही उघडली. ३३३, नऊ, १.३०, रॅम एकास एक, पीसीआय एक्सप्रेस १००. सगळं जसंच्या तसं भरलं. प्राइम९५ चाळीस मिनिटांत थांबलं. पंख्याखालची, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून कडक झाली होती, ती पुसून नवी लावली. तापमान सहा अंशांनी उतरलं, तरीही पन्नासाव्या मिनिटाला तोच दुसरा कोर. इतक्या वर्षांत चिप थकली असेल, बोर्डवरचे कपॅसिटर थकले असतील, किंवा पॉवर सप्लाय. १.३५ दिलं असतं तर कदाचित चाललंही असतं.

मी एफएसबी ३०० वर आणली. व्होल्टेज मूळचं, १.२५. म्हणजे २.७ गिगाहर्ट्झ. काल रात्री नऊला चाचणी लावली आणि सकाळी सातला उठून पाहिलं, दोन्ही कोर चालू होते, ५७ अंशांवर. वहीत जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, तारखेसकट. आता आजीचे उरलेले दहा संग्रह एकेक करून पुन्हा तपासते आहे. सात झाले, सातही बरोबर.