मूग, उडीद आणि दाराजवळचा बाक

"मॅडम, तुमी तं म्हनता का निसर्ग कमजोर जीवाले ठेवत नाई. मंग हे सिकलसेल आतापर्यंत गेलं काहून नाई?"

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होते. बारावीला नैसर्गिक निवड शिकवून झाली, की सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दलचा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या बाकावरून यायचाच. निवृत्तीनंतर पुण्याला आले, तर भाच्यानं तोच प्रश्न इस्त्री केलेल्या भाषेत विचारला. परवा तुम्हीही विचारलंत. जिन्यात उभं राहून मी जे सांगितलं ते अर्धंच होतं. म्हणून आज बसून सांगते.

आधी माझी चूक कबूल करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट'चा अर्थ मी फळ्यावर 'बळी तो कान पिळी' असा लिहिला होता, आणि पोरांनी तो परीक्षेत इमानदारीनं उतरवला. मुळात हे शब्द डार्विनचे नाहीत. ते 1864 मध्ये हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञानं वापरले. डार्विननं ते पुढे 1869च्या आवृत्तीत घेतले आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कोणीतरी दंड थोपटून उभा आहे. खरं तर निवडीला दंडाशी काही देणंघेणं नाही. त्या ठिकाणी, त्या हवेत, त्या डासांमध्ये कोणाची पोरं जगून मोठी झाली आणि त्यांना पुढे पोरं झाली, एवढंच तिथं मोजलं जातं. आणि 'मोजलं जातं' हेही बोलण्यापुरतं. मोजणारा कोणी नाही.

आता सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. जनुकात पाहिलं तर एका अक्षराचा फरक. ऑक्सिजन भरलेला असेपर्यंत या हिमोग्लोबिनचं काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, आणि गोल, लवचिक पेशी ताठर, विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी 120 दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी. आणि वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं ठणकतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हे जनुक आलं तर माणूस रुग्ण. आमच्याकडे त्याला 'एसएस पॅटर्न' म्हणतात. एकाकडूनच आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. त्याला बहुधा काहीच होत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही अकरावीतल्या एका मुलाला मी तीन महिने छळलं. तासाला दोनदा उठायचा, एकदा पाण्यासाठी, एकदा लघवीसाठी. मला वाटलं, तास चुकवतोय. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं शिकायला येतोस की माठ रिकामा करायला?" वर्ग हसला. तो खाली मान घालून बसला आणि त्या दिवशी उठला नाही. पुढच्या आठवड्यात हातपाय दुखतात म्हणून आलाच नाही. तो एसएस आहे हे मला त्याच्या आईकडून कळलं, आणि मग रात्री मी माझंच मूत्रपिंडाचं प्रकरण उघडून बसले.

त्यात काय आहे पाहा. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. हा पाणी परत घेण्याचा शेवटचा हिशेब मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात होतो. तिथला भोवताल रक्ताच्या चौपट खारट असू शकतो, म्हणूनच तो नळीतलं पाणी ओढून घेतो. पण तिथं ऑक्सिजन मात्र कमी. आता सिकलच्या पेशीच्या जागी स्वतःला ठेवा. ऑक्सिजन नाही, आणि बाहेरचं मीठ आपल्यातलंच पाणी ओढतंय, म्हणजे आतलं हिमोग्लोबिन आणखी दाटीवाटीनं बसलेलं. वाकडं व्हायला याहून सोयीची जागा अख्ख्या शरीरात सापडायची नाही. त्या गाभ्यातल्या बारीक वाहिन्या लहानपणापासूनच तुंबत जातात आणि लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मग पातळ लघवी, वारंवार लघवी, सारखी तहान, मोठं झाल्यावरही रात्री अंथरूण ओलं होणं. आणि पाणी प्यायला उशीर झाला, की रक्त दाटतं, पेशी वाकतात, दुखणं उठतं. मी त्याला पाण्यापासून अडवलं होतं. त्या आठवड्यातलं दुखणं त्यामुळेच उठलं की नाही हे कोणी सांगू शकणार नाही. मला ते विसरता आलेलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर त्याला दाराजवळचा बाक दिला. कारण सांगितलं नाही. बाकीच्यांना वाटलं शिक्षा झाली.

मग असलं जनुक टिकलं कसं? याचा माग आफ्रिकेत लागला. केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरला दिसलं, की समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती वाहक पुष्कळ आहेत, पण उंच, थंड डोंगराळ मुलखात फारसे नाहीत. डासांचा नकाशाही तसाच होता. 1954 मध्ये त्यानं मांडलं, की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. रक्ताच्या दोषाचा आणि मलेरियाचा असा काही संबंध असावा, हा तर्क जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं त्याआधीच, 1949 मध्ये, थॅलसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल केला होता. (हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. पाठ्यपुस्तकात हे एक ओळ जरी आलं असतं, तरी माझ्या पोरांना ते नाव परकं वाटलं नसतं.)

संरक्षण मिळतं म्हणजे मलेरिया होतच नाही असं नाही. वाहकालाही ताप येतो, त्यालाही गोळ्या घ्याव्याच लागतात. पण जीव घेणारा, मेंदूत जाणारा मलेरिया होण्याचा धोका बराच कमी. यामागचं एक कारण पानथरीत आहे. पानथरी, म्हणजे प्लीहा, ही रक्ताची चाळणी. तिच्या फटी इतक्या अरुंद, की लवचिक पेशीच वाकून पार होते आणि ताठर झालेली अडकते. वाहकाच्या पेशीत मलेरियाचा परजीवी शिरला, की ती पेशी लवकर वाकडी होते आणि पानथरी तिला परजीवीसकट मोडीत काढते. एसएस रुग्णात मात्र रोजच इतक्या वाकड्या पेशी येतात, की चाळणीच तुंबते. पुष्कळांची पानथरी लहानपणीच वठून जाते आणि जंतूंशी लढायला ती उरत नाही. आपल्याकडच्या कित्येक रुग्णांत ती उलट मोठी होऊन राहते. पण तो विषय लांबेल.

वर्गात हे पटवायला मी मूग आणि उडीद आणायची. आकार जवळजवळ सारखा, रंग वेगळा. डब्यात 80 मूग, 20 उडीद. उडीद म्हणजे सिकलचं जनुक. न बघता दोन-दोन दाणे काढायचे, एक जोडी म्हणजे एक मूल. सरासरीनं 50 जोड्यांत 32 मूग-मूग, 16 मिश्र आणि 2 उडीद-उडीद निघतात. आता कठोर व्हा. समजा दोन्ही उडीद-उडीद मुलं वाचली नाहीत. किती उडीद गेले? चार. उरलेले सोळा मिश्र जोड्यांत, धडधाकट मुलांच्या रक्तात, सुखरूप बसलेत. निसर्गाला ते दिसतच नाहीत.

आता त्या गावात मलेरिया आणा. मूग-मूगच्या 32 पैकी 8 मुलं त्यानं गेली, मिश्र सगळी वाचली. म्हणजे 16 मूग गेले. डब्यात राहिले 64 मूग आणि 16 उडीद. ऐंशीत सोळा. पाचात एक होतं, पाचात एकच राहिलं! हे आकडे मी मुद्दाम जुळतील असे घेतले होते, हे सांगून टाकते. पण फळ्यावर भागाकार सुटला की वर्ग गप्प व्हायचा. कारण तेव्हा दिसायचं, की डबा तसाच राहावा म्हणून दर पिढीला दहा मुलं गेली: दोन सिकलनं, आठ मलेरियानं. रुग्णाचं नुकसान आणि वाहकाचा फायदा एकाच वहीत मांडलेले. रुग्णाला त्या फायद्याचा काही उपयोग नाही.

मग कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, मलेरिया गेला तं?" तर उडीद कमी होणार, पण कसे, ते करून पाहा. फक्त उडीद-उडीद जोड्या काढत जा. पाचात एकचं पुढच्या पिढीत सहात एक, मग सातात एक, मग आठात एक. दहात एक व्हायला पाच पिढ्या. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर सव्वाशे वर्षं. तेही एकही रुग्ण पोराबाळांचा होत नाही असं धरून. ते आता खरं नाही, कारण हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानं पुष्कळ जण नीट संसार करतात. आणि आमच्या जिल्ह्यातून मलेरिया तरी कुठं पुरता गेलाय? तुमच्या 'आतापर्यंत गेलं काहून नाई'चं उत्तर हे आहे. 1 जुलै 2023ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047पर्यंतचं. काम मोलाचं आहे. पण 'निर्मूलन' हा शब्द मला खटकतो. वाहकांतले उडीद कोण उपटणार? रुग्ण कमी जन्मतील आणि जे आहेत त्यांचं दुखणं कमी होईल, तेवढं झालं तरी खूप.

आणखी एक गोष्ट, जी लोक विचारत नाहीत, नुसती कुजबुजतात: हा अमुक जातीचा, तमुक जमातीचा आजार. सिकलचं जनुक ग्रीसमध्ये आहे, सौदी अरबस्तानात आहे, पश्चिम आफ्रिकेत आहे. पिढ्यानपिढ्या जिथं मलेरिया होता आणि लग्नं आपसांतच झाली, तिथं ते साचलं. जातीचा दाखला डासाला वाचता येत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. ती एएस, नवराही एएस, पहिला मुलगा एसएस. म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगतलं होतं, दोघं एएस असले तं चारात एक एसएस. एक तं झाला. आता तीन बरे होतीन ना?" मी घरात होते ते मूग-उडीद काढले. दोन वाट्या घेतल्या, प्रत्येकीत एक मूग, एक उडीद. म्हटलं, डोळे मीट, दोन्हीतून एकेक उचल, बघ, आणि परत टाक. पहिल्यांदा मिश्र आलं. दुसऱ्यांदा मूग-मूग. ती हसली. तिसऱ्यांदा दोन्ही उडीद आले. तिनं ते तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिले, ज्या त्या वाटीत परत टाकले आणि विचारलं, "पोटात असतानाच तपासते म्हनतात, ते कुठं जी?"