इंजिन न उतरवता कॅमशाफ्ट बदलताना

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात, आणि त्यामुळे गाड्यांची दुरुस्ती हा त्या शहराचा जुना व्यवसाय आहे. माझे काका, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, यांनी पारोळा रोडवरच्या आपल्या गॅरेजमध्ये अँबॅसडर गाड्या आणि जिपा दुरुस्त करण्यात सारी उमेदीची वर्षे घालवली. सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसून नटबोल्ट डिझेलमध्ये धूत असे. प्रत्यक्ष इंजिन उघडण्याची वेळ मात्र माझ्यावर अमेरिकेत, मिशिगन राज्यात आली, आणि त्या कामात नाना दहा हजारांहून अधिक किलोमीटर दूर असूनही रोज माझ्यासोबत होते.

इथे आल्यावर मी १९७४ सालची एक शेवरोले नोव्हा घेतली. तिचे इंजिन साडेतीनशे घन इंचांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे आहे. या घराण्याचे पहिले इंजिन १९५५ साली बाजारात आले आणि त्याची मांडणी इतकी साधी आहे की घरी काम करणाऱ्या माणसाला ते आजही जवळचे वाटते. या वसंतात गाडी सुरू केली की कार्बोरेटरमधून फट्फट असा उलटा आवाज येऊ लागला आणि चढावर ती दमू लागली. जवळच्या एका गॅरेजने इंजिन उतरवून दुसरे बसवण्याचा सल्ला दिला. इथे मजुरी तासावर मोजतात, आणि त्यांनी सांगितलेला आकडा मी गाडीसाठी मोजलेल्या किमतीपेक्षा जास्त होता. मी नानांना फोन केला. माझ्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत धुळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे शनिवार-रविवारची ही वेळ आम्हा दोघांनाही सोयीची पडली. आवाज ऐकून ते म्हणाले, "रॉकरचं झाकण उघड आणि पुशरॉड किती उचलले जातात ते मोज. त्याच्याआधी इंजिनला हात लावू नको."

हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो, कारण मोजमाप न करता इंजिन उघडण्यातच बहुतेकांचे पैसे जातात. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक उंचवटा असतो, तो टॅपेट नावाच्या छोट्या नळकांड्याला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. मी डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक, लावून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा सात एक्झॉस्ट पुशरॉड जवळपास ६.९ मिलिमीटर उचलले गेले आणि आठवा फक्त ४. त्या सिलिंडरचा जळालेला वायू पुरता बाहेर जात नव्हता आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडताच उलटा कार्बोरेटरकडे येत होता. त्या फट्फट आवाजाचे कारण तेच होते, म्हणजे कॅमशाफ्टचा तो उंचवटा झिजला होता.

आता मुख्य प्रश्न असा की कॅमशाफ्ट बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागते का. आजच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट हेडवरच, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागावर, असतो, त्यामुळे वरचे झाकण काढून आणि टायमिंग बेल्ट किंवा चेन सोडवून तो निघतो. जुन्या इंजिनांत तो ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, पोटात असतो, आणि तिथे सारे काही टॅपेट कुठून निघतात यावर अवलंबून राहते. टॅपेट आपल्या भोकातून वर ओढता येत असतील तर कॅमशाफ्ट पुढच्या बाजूने सरळ बाहेर येतो. टॅपेटचा तळ भोकापेक्षा रुंद, छत्रीसारखा असेल तर ते खालीच पडू शकतात आणि काम अवघड होते. नानांच्या अँबॅसडरमध्ये, १४८९ सीसीच्या इंजिनाला, ब्लॉकच्या बाजूला दोन झाकणे असत, ती उघडून टॅपेट हाताने काढता येत. उलट फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये कॅमशाफ्ट इंजिनाच्या कवचाच्या दोन अर्धांमध्ये पकडलेला असतो, म्हणून ते इंजिन उतरवून फोडल्याशिवाय गत्यंतर नसते. माझ्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटांचा भाग) काढला की सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या दरीत सोळाही टॅपेट वरून दिसतात, आणि हेड जागेवर ठेवूनच ते चुंबकाने वर येतात.

उघडण्याच्या कामात डोके कमी आणि श्रम अधिक लागले. रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप, पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग), मॅनिफोल्ड, रॉकर आणि पुशरॉड असे क्रमाने काढत गेलो. पुढची पुली काढायला बोल्टने ओढणारा पुलर लागतो. नख्यांचा पुलर लावला तर पुलीची बाहेरची कडी रबरापासून सुटण्याची भीती असते. हा पुलर मला सुट्या भागांच्या दुकानाने अनामत रक्कम घेऊन वापरायला दिला, आणि परत केल्यावर सगळे पैसे परत मिळाले. ही सोय धुळ्या-जळगावात असती तर कितीतरी तरुण मिस्त्रींचा सुरुवातीचा खर्च वाचला असता, असे मला मनापासून वाटते.

टॅपेट काढताना मी प्रत्येकाचा तळ पुसून पाहत होतो. चांगल्या टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसला तरी किंचित फुगीर असतो, आणि कॅमचा उंचवटाही किंचित तिरका घासलेला असतो, ज्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी झिजत नाही. खराब टॅपेटच्या तळाला मात्र बशीसारखा खळगा पडला होता, त्यात नखाचे टोक अडकत होते. यात इंजिनाचा दोष नव्हता. अशा घासून चालणाऱ्या टॅपेटना ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचे संरक्षण लागते. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारे कन्व्हर्टर निकामी होते, म्हणून २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या प्रतीच्या (एपीआय ही ऑइलची प्रत ठरवणारी अमेरिकन संस्था) पातळ ऑइलमध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के केली गेली. आधीच्या मालकाने नव्या गाड्यांचेच ऑइल वर्षानुवर्षे घातले होते. आपल्याकडे जुनी पेट्रोल गाडी प्रेमाने सांभाळणाऱ्यांनी डब्यावरची ही प्रत अवश्य वाचावी.

नानांनी इथे एक अट घातली. झिजलेले लोखंड कुठे गेले ते पाहिल्याशिवाय नवा कॅमशाफ्ट घालायचा नाही. मी ऑइल फिल्टर कापला, तेव्हा घड्यांमध्ये चमकी दिसली. मग इंजिन ज्यांवर टेकते त्या माउंटचे बोल्ट सोडून ते काही इंच उचलले, चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, उतरवून धुतला आणि पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकची बेअरिंगे उघडून पाहिली. ओरखडे नव्हते. ते असते तर इंजिन उतरवून पूर्ण बांधणे हाच प्रामाणिक मार्ग होता, आणि गाडीतच कॅमशाफ्ट बदलण्याचा हट्ट मी सोडला असता.

कॅमशाफ्ट बाहेर काढण्याची घटका मी विसरणार नाही. समोरची जाळी आणि बॉनेटच्या कुलपाची उभी पट्टी काढून वाट मोकळी केली. कॅमशाफ्टच्या तोंडाशी तीन लांब बोल्ट बसवले, म्हणजे धरायला मूठ झाली. तो पाच बुशांवर, म्हणजे धातूच्या कड्यांवर, टेकलेला असतो आणि ही बुशे इतकी मऊ असतात की उंचवट्याची कड लागली तरी चरा पडतो. शाफ्ट एकेका बुशातून सुटतो तेव्हा त्याचे वजन एकदम हातावर येते, आणि तेवढ्यात तो खाली झुकू द्यायचा नसतो. फोन खिडकीत टेकवलेला होता. नाना अहिराणीत एवढेच म्हणाले, "भाऊ, घाई नको करजो." एक हात दरीतून खाली घालून शाफ्टला आधार देत, तो हळूहळू फिरवत, मी बोटाबोटाने बाहेर घेतला. नवा शाफ्ट काळ्या मॉलिब्डेनमच्या लेपाने माखून त्याच रीतीने आत घातला, आणि टॅपेट सोळाच्या सोळा नवे घेतले. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीही घालू नये, कारण त्याची झीज नवा उंचवटा काही वेळातच खाऊन टाकते.

टायमिंग मिळवताना वरच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, चाकाचा ठिपका खाली आणि क्रँकच्या चाकाचा ठिपका वर, असे दोन्ही समोरासमोर आणतात. त्या स्थितीत ठिणगीची पाळी सहाव्या सिलिंडरची असते, पहिल्याची नव्हे, कारण क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. डिस्ट्रिब्युटर पहिल्या सिलिंडरवर लावायचा तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागतो. मी तसाच बसवायला निघालो होतो. "एक नंबर का सहा नंबर?" असे नानांनी विचारले आणि माझा हात थांबला.

डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा घालून ड्रिलने ऑइल पंप फिरवला. सुरुवातीला ड्रिल मोकळे फिरत होते, मग दाब चढताच जड झाले, आणि एकामागून एक रॉकरवर ऑइल पाझरू लागले. रॉकरचे नट आवळताना पुशरॉड बोटांनी हलवून पाहिला, खुळखुळ संपली की अर्धा फेरा अधिक दिला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवले, कारण अशा इंजिनाला पहिल्या वेळी स्टार्टर मारत बसणे परवडत नाही.

इंजिन पहिल्या चावीला सुरू झाले. नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांशी जुळेपर्यंत ते आयडलवर, म्हणजे रिकामे संथ चालण्यावर, येऊ द्यायचे नसते, म्हणून मी लगेच वेग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर नेला आणि पंचवीस मिनिटे दोन ते अडीच हजारांमध्ये कमी-जास्त करत ठेवला. उंचवट्यांवर उडणारे ऑइल मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने येते, आणि आयडलवर ते पुरेसे उडत नाही. त्या पंचवीस मिनिटांत नाना काही बोलले नाहीत, फोन कानाला लावून ऐकत राहिले.

इंजिन थंड झाल्यावर ऑइल बदलले आणि फिल्टर पुन्हा कापला. त्याच्या घड्या काळ्या लेपाने माखलेल्या होत्या. मी त्या चिंधीवर पसरून उन्हात धरल्या आणि त्यांवरून चुंबक फिरवला. चुंबकाला काही चिकटले नाही. तो नानांना दाखवला, तेव्हा त्यांनी पाचशे मैलांनंतर पुन्हा ऑइल बदलायला सांगितले आणि जेवायला उठले.