ॲल्युमिनियम रंगाने जाम झालेला एअरब्रश

इंदूरच्या रामबागेत आमची इमारतींच्या प्रतिकृती बनवण्याची छोटी कार्यशाळा आहे. आर्किटेक्ट आणि बिल्डर यांच्यासाठी मॉडेल करणे हा मुख्य व्यवसाय. पण एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारे पेनासारखे यंत्र, रोजच हाताळावा लागत असल्याने शहरातले हौशी मॉडेलकार आपले बंद पडलेले एअरब्रशही आमच्याकडे आणून देतात. गेल्या थंडीत आलेल्या अशाच एका नगाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण कमी खर्चातल्या सफाईचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात एकत्र आले होते.

तो घेऊन आलेले काका राजेंद्रनगरचे. हवाई दलात त्यांची बरीचशी नोकरी मिग-21 च्या देखभालीत गेली. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला या विमानाला निरोप देण्यात आला, त्यानंतर त्यांनी 1:72 प्रमाणाचे त्याचे मॉडेल करायला घेतले. या प्रमाणात ते विमान जेमतेम वीतभर भरते, त्यामुळे रंगाचा थर पातळ आणि एकसारखा बसणे फार महत्त्वाचे असते. पाण्यातल्या ॲक्रिलिकचा ॲल्युमिनियम रंग मारताना मध्येच फवारा अडखळू लागला. एका दुकानात विचारले, तर "एनसी थिनर ओता, सगळे निघून जाईल" असा सल्ला मिळाला. एनसी थिनर म्हणजे लॅकर रंग पातळ करायचा तीव्र द्रव. कपात रंग ओला असतानाच थिनर पडले आणि दूध फाटावे तसा रंग फाटला. मग त्याच दुकानाने "नोजल गेले, आता नवीनच घ्या" असे सांगून टाकले. नोजल म्हणजे फवारा बाहेर पडतो ती पुढची बारीक नळी.

"बेटा, यंत्र मेले असे म्हणण्याआधी ते उघडून पाहायचे, हे मी तीस वर्षे केले आहे," एवढेच काका म्हणाले, आणि टेबलावर पांढरा कपडा अंथरून बसले. निघालेला प्रत्येक भाग ते त्याच क्रमाने त्या कपड्यावर मांडत गेले. ही सवय एअरब्रशला फार उपकारक आहे, कारण त्यातले रबरी वायसर इतके बारीक असतात की जमिनीवर पडले तर शोधूनही सापडत नाहीत.

सफाईसाठी कोणता द्रव घ्यायचा, हे ठरवण्याआधी आत कोणत्या जातीचा रंग आहे हे पाहावे लागते, आणि माझ्या मते बहुतेक नुकसान हीच पायरी गाळल्याने होते. काकांचा रंग ठाऊक होता, तरी फाटल्यानंतर तो कशाला दाद देतो हे पाहणे भाग होते. म्हणून कान साफ करायची कापसाची काडी आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवून कपाच्या काठावर घासली. कापसावर राखाडी चमक आली, म्हणजे अल्कोहोल पुरेसे होते. तिथे वाळलेले इनॅमल, म्हणजे तेलाचा रंग, असते, तर काडी स्वच्छच राहिली असती आणि थिनरकडे वळावे लागले असते. आयपीए मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला वापरतात, त्यामुळे जेल रोडवर ते सहज मिळते. एअरब्रश क्लिनर म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बाटलीच्या तुलनेत ते पुष्कळच स्वस्त पडते.

एअरब्रशच्या आत एक लांब सुई असते; ती मागे सरकली की नोजल उघडते आणि रंग बाहेर येतो. ही सुई मागे सरकत नव्हती. रंग सुईभोवतीच्या पॅकिंगपर्यंत पोचून तिथे चिकटला होता. अशा वेळी पक्कड लावून ओढले की सुई वाकते, आणि पॅकिंगही फाटू शकते. आम्ही पुढची टोपी काढली, कपात आयपीएचे थेंब टाकत राहिलो आणि मधूनमधून सुई बोटांनी किंचित फिरवली. चहा होईपर्यंत ती सैल झाली. कपातून नोजलकडे जाणाऱ्या वाटेत रबरासारखा लगदा बसला होता. तो दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशने निघाला, जो औषधांच्या दुकानात मिळतो. ब्रश आत घालून फिरवला की लगद्याचे करडे धागे त्याच्याभोवती गुंडाळून बाहेर येत होते. एअरब्रशच्या सफाईसाठी यापेक्षा उपयुक्त स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

खरी काळजी नोजलची होती. कपात बुडबुडे येत होते, आणि त्याची कारणे अनेक असू शकतात: नोजलच्या तोंडाशी अडकलेला रंग, सैल बसलेले नोजल, किंवा चिरलेले नोजल. पहिली दोन फुकटात सुटतात, तिसऱ्यासाठी नवा भाग घ्यावाच लागतो. 0.3 मिलिमीटरच्या त्या छिद्रात टाचणी किंवा तार घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण छोट्या नोजलचे तोंड नाजूक असते, ते एकदा फाकले की फवारा कायमचा तिरका जातो. म्हणून नोजल घेऊन आम्ही सराफ्यात ओळखीच्या एका सोनारांकडे गेलो. रात्रीच्या खाऊगल्लीसाठी प्रसिद्ध असलेल्या या बाजारात दिवसा दागिने धुण्याची अल्ट्रासॉनिक यंत्रे चालू असतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून नोजल काही मिनिटे त्यात ठेवले. या यंत्रात आयपीए किंवा थिनर कधीही थेट ओतू नये, कारण त्याची वाफ पेट घेऊ शकते. नंतर सोनारांच्या भिंगाखाली नोजलचे तोंड पाहिले. कडा अखंड होती, छिद्र गोल होते. काकांनी भिंग हातात घेऊन स्वतः पुन्हा पाहिले आणि मगच मान डोलावली.

सुईचे टोक मात्र किंचित वळले होते. ती काचेवर लोळवून, नखाच्या दाबाने सरळ करून, 2000 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरवर फिरवली. जोडणी करताना सुईच्या मागच्या भागाला ग्लिसरीनचा एक थेंब लावला. मशीनचे तेल लावू नये. ते रंगाच्या वाटेत गेले तर पृष्ठभागावर रंग फाकतो आणि डाग दिसतात. सुई नोजलमध्ये टेकेपर्यंतच ढकलायची, जोर लावायचा नाही. कपात पाणी घालून हवा सोडली, बुडबुडे आले नाहीत, आणि कागदावर केसासारखी रेघ उमटली.

एनसी थिनर वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पूर्ण वाळून कडक झालेला रंग धातूच्या भागांवरून काढायला ते कामी येते. पण आधी रबरी वायसर काढून ठेवावेत, खोली हवेशीर असावी, हातांत नायट्राइल मोजे असावेत, आणि तत्पूर्वी आतला ओला पाण्याचा रंग पाण्याने पूर्ण निघालेला असावा. रोजच्या रोज एवढे करायची वेळच येत नाही: फवारणी संपताच कप रिकामा करून पाणी फवारायचे, मग थोडे आयपीए, आणि शेवटी सुई काढून पुसून घ्यायची. बोअरचे जड पाणी वाळून क्षार सोडते, म्हणून शेवटच्या फेरीला बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. फवारा झेलायला झाकणाला भोक पाडून आत स्पंज ठेवलेली काचेची बरणी पुरते.

जाता जाता काकांनी पिशवीतून दोन सेबल ब्रश, म्हणजे प्राण्याच्या केसांचे ब्रश, काढले. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या नळीपर्यंत रंग चढला होता. कोमट पाणी आणि अंगाचा साबण तळहातावर घेऊन, ब्रश एकाच दिशेने फिरवत, फेस पांढरा येईपर्यंत धुतले. हे केस खरे असल्याने शेवटी केसांच्या कंडिशनरचा ठिपका लावून टोक ओठांऐवजी बोटांनी जुळवले आणि ब्रश आडवे वाळत ठेवले; ओला ब्रश उभा ठेवला तर पाणी नळीत उतरून दांड्याचे लाकूड फुगते. ॲल्युमिनियमसाठी वेगळा ब्रश आणि वेगळे पाणी ठेवायला मी त्यांना आग्रहाने सांगितले, कारण त्याच पाण्यात धुतलेल्या ब्रशातून धातूचे कण पुढच्या गडद रंगात उतरतात आणि वाळल्यावर त्यांच्यासाठी सगळा थर खरवडावा लागतो.