तुम्ही विचारलंत म्हणून: उपाशी देशात लेखकांना पगार कशाला?

अमेरिकेतल्या महामंदीचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. लोकांना खायला मिळत नव्हतं, तेव्हा तिथल्या सरकारनं लेखकांना पगार कशाला दिला? ही उधळपट्टीच नव्हे का?

मला नाही वाटत. १९३३ मध्ये तिथे काम करू पाहणाऱ्या चौघांतला एक जण बेकार होता. मदतीच्या रांगेत शिक्षक, ग्रंथपाल, काम गेलेले बातमीदारही होते. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारनं डब्ल्यूपीए ही रोजगार योजना काढली. रस्त्या-पुलांसाठी माणसं घेतली, तशीच लिहिण्यासाठीही. योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं सरळ होतं: कलावंतांनाही इतरांसारखंच पोट असतं. तरी हे काम मिळवताना बहुतेकांना आधी आपली कंगाली सिद्ध करावी लागे.

या मंडळींनी राज्याराज्यांची प्रवासी मार्गदर्शकं लिहिली, ती चांगलीच आहेत. पण माझा जीव गुंतलाय तो दुसऱ्याच कामात. १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी १७ राज्यांत फिरून, गुलामगिरीत जन्मलेल्या २,३०० हून अधिक माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. सांगणाऱ्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त ऐंशी ओलांडलेले. आणखी दहा-पंधरा वर्षं गेली असती तर विचारायचं कुणाला?

या आठवणी जपून वाचाव्या लागतात. लिहून घेणारे बहुतेक गोरे, सांगणारे काळे आणि कमालीचे गरीब. दारात आलेला सरकारी माणूस आपलं पेन्शन करून देईल, अशी कित्येकांना आशा. अशा माणसासमोर कोण मनातलं बोलेल? साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये सुझन हॅम्लिन नावाची एक वृद्धा होती. गोरी बाई मुलाखतीला आली, तेव्हा ती मदत कार्यालयातून आलीय असा सुझनचा समज झाला. त्या बाईला सुझननं सांगितलं, आमचा मालक भला माणूस होता. ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय मुलाखतकारही सुझनकडे गेला होता. त्याच्यापाशी ती चाबकाच्या माराबद्दल बोलली, आणि घरातलं माणूस अचानक विकून नेलं की रात्रंदिवस उठणाऱ्या किंकाळ्यांबद्दलही. बाई तीच, शहर तेच. मंदीनं माणसाला किती मिंधं केलं होतं, हे मला आकडेवारीपेक्षा या दोन मुलाखतींतून जास्त कळलं.

पैसा वाया जातोय, ही ओरड तेव्हाही होतीच. १९३९ मध्ये अमेरिकी संसदेनं याच योजनेतला नाटकाचा विभाग बंद केला आणि लेखकांचा राज्यांच्या गळ्यात घातला. आठवणींचे कागद मात्र वाचले. १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं त्यांचे १७ खंड बांधून घेतले. आता ते या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुरुवात सुझनपासून करा, पण दोन्ही मुलाखती वाचा.