‘अंदाजे किती?’

ऑगस्ट २०२४. आम्ही गाळा बदलत होतो. भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन सामायिक बोळात आणून ठेवलं होतं, टेम्पोची वाट बघत होतो. वाट अडली म्हणून शेजारच्या गाळेवाल्यानं आधी आवाज चढवला, मग पहार उचलली. एक घाव स्क्रीनवर, दुसरा हेडच्या बाजूला. माझे हातपाय थरथरत होते, तशीच पोलीस ठाण्यात गेले.

ठाणे अंमलदारांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, “ताई, नुकसान अंदाजे किती?”

“पन्नास-साठ हजार तरी असेल,” मी म्हणाले. कशाच्या आधारावर म्हणाले, देव जाणे. हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत मिळाली आणि ‘मॅजिस्ट्रेटकडे दाद मागा’ असं सांगितलं गेलं.

ओळखीच्या वकीलबाईंनी प्रत बघून कपाळाला हात लावला. जुन्या दंडसंहितेत पन्नास रुपयांचं नुकसान दाखवलं तरी दोन वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम ४२७ लागायचं. १८६० चे पन्नास रुपये तसेच चालत आले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३२४ मध्ये पायऱ्या बदलल्या. वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे मी सहज बोलून गेले त्या आकड्यानं पोलिसांचा तपासच थांबवला होता.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकनं मशीन उघडलं. स्क्रीन फुटली होती ती दिसतच होती, पण मेन बोर्डला तडा गेला होता आणि हेडमधला शाफ्ट वाकला होता. कोटेशन आलं ९६,५०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १७,३७०. एकूण १,१३,८७०. ते जोडून लेखी अर्ज दिला, दोन खेपा घातल्या, तेव्हा गुन्हा नोंदला गेला आणि पंच येऊन पंचनामा झाला. पण तोवर मशीन उघडलेलं होतं! पुढे हेच बोचणार होतं. नशीब, उघडताना मेकॅनिकच्या पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला होता.

मेकॅनिक म्हणाला, फुटका बोर्ड द्या, नव्यात थोडे पैसे कमी करतो. मी नाही म्हटलं. बोर्ड पंचांसमोर जप्त होऊन सीलबंद पाकिटात मुद्देमाल म्हणून गेला. एवढीच एक गोष्ट मी वेळेवर शहाणपणानं केली.

खरी गोची मशीनच्या किमतीची. २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेलं, बिल नाही. निम्मी रक्कम बँकेतून दिली होती, निम्मी रोख. बँकेकडून प्रमाणित उतारा मिळाला. १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्यामुळे त्यासाठी मॅनेजरला साक्षीला ओढावं लागत नाही. रोख रकमेचं मात्र माझ्या तोंडाखेरीज काहीच नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, मालकाला आपल्या वस्तूची किंमत सांगता येते, सांगा. फक्त ती कशावरून सांगता, तेही सांगा. व्हिडिओ पुरावा म्हणून चालावा यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागलं. त्याचा पहिला भाग ज्याच्या मोबाईलवर व्हिडिओ होता त्या पोरानं भरला, दुसरा तज्ज्ञाकडून भरून घेतला. या कागदाला जेवढे दिवस गेले तेवढे मशीन दुरुस्तीलाही गेले नाहीत.

या वर्षी माझी साक्ष झाली. सरतपास, म्हणजे आमच्या बाजूच्या सरकारी वकिलांचे प्रश्न, वीस मिनिटांत आटोपला. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी पहिल्याच प्रश्नाला एनसीची प्रत पुढे केली. “पन्नास-साठ हजार तुम्हीच सांगितलं ना?” हो. “मग लाखाचा आकडा नंतर सुचला?” मी म्हणाले, तेव्हा मशीन उघडलं नव्हतं, आतलं दिसत नव्हतं. एवढंच म्हणून थांबले; वकीलबाईंनी बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं.

मग आरोपीच्या वकिलांनी कोटेशनमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. सुयांचा एक सेट, ४,२०० रुपये. “सुया आधीपासून खराब होत्या?” होत्या. खोटं बोलावंसं वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण मेकॅनिकनं आदल्या महिन्यात त्याच सुयांबद्दल लिहून दिलेला कागद माझ्याच फायलीत होता. हो म्हटलं. राहिले ९२,३००. जीएसटी धरला तर १,०८,९१४, नाही धरला तर लाखाच्या आत. त्यांचं म्हणणं, कर म्हणजे नुकसान नव्हे. माझं म्हणणं, तोही माझ्याच खिशातून गेला. नुकसान नेमकं मोजायचं कसं, दुरुस्तीचा खर्च धरायचा की मशीनची घसरलेली किंमत, याचं सूत्र कलम ३२४ मध्ये दिलेलं नाही. सगळी रस्सीखेच तिथेच.

कोटेशनवरही हरकत आलीच. ज्यानं लिहिलं तो कोर्टात उभा राहून सांगत नाही तोवर तो नुसता कागद. मेकॅनिक कोर्टाचं नाव काढलं की फोनच उचलत नसे. शेवटी समन्स गेलं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. माझी साक्ष आधीच झाली होती, त्यामुळे मला मागच्या बाकावर बसता आलं.

पाकिटाचं सील तोडून बोर्ड त्याच्या हातात दिला. कठड्याजवळच्या खिडकीशी बोर्ड तिरका धरून तो म्हणाला, “साहेब, ही रेघ बघा. ही जुनी असती तर मशीन त्या दिवशी सकाळी चालूच झालं नसतं. आणि सकाळी मीच त्यावर ट्रायल घेतली होती.”

हे त्यानं मला दीड वर्षात एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आरोपीच्या वकिलांनी फाईल उलटी-सुलटी केली आणि पुढची तारीख मागितली.